दवाखान्याच्या फेऱ्यांचा खर्च : अपघाताच्या दाव्यात मागायचा कसा?

मागच्या अंकात मोटार अपघाताच्या दाव्याबद्दल लिहिलं होतं त्यावर बरीच पत्रं आली, आणि बहुतेकांनी हॉस्पिटलच्या बिलाबद्दल नाही तर दवाखान्यात जायला-यायला जे पैसे गेले त्याबद्दल विचारलंय. मला बरं वाटलं, कारण अर्जात हा आकडा नेहमी सगळ्यात घाईत टाकलेला असतो. 'प्रवासखर्च रु. २५,०००' अशी एक ओळ, तिच्या मागं ना तारीख ना फेरी, आणि मग निकालात तीन हजार आले की लोक म्हणतात कोर्टानं अन्याय केला. म्हणून ह्या वेळी सगळी जागा ह्याच विषयाला देतेय.

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. मी मंगळवेढा तालुक्यातून लिहितेय. २०२४ च्या नोव्हेंबरात माझ्या मिस्टरांच्या मोटरसायकलला पिकअपनं धडक दिली, उजव्या पायाची दोन्ही हाडं मोडली. सोलापूरला ऑपरेशन करून रॉड टाकला, पण हाड जुळेना म्हणून पुण्यालाही दाखवलं. दावा मार्च २०२५ मध्येच दाखल केलाय आणि आता पुराव्याचं शपथपत्र द्यायचंय. सोलापूरच्या २२ फेऱ्या झाल्या, त्यातल्या पहिल्या ६ स्पेशल गाडी करून कारण पाय वाकत नव्हता, बाकीच्या १६ एसटीनं, प्रत्येक वेळी मी सोबत. पुण्याच्या ३ फेऱ्या गाडीनंच. पावत्या म्हणाल तर पुण्याच्या गाडीच्या दोन आहेत, एसटीची काही तिकिटं पर्समध्ये सापडली पण ती कोरी झालीत, काहीच दिसत नाही. आमच्या वकीलसाहेबांच्या ऑफिसातला मुलगा म्हणाला पावती नाही तर पैसे नाहीत. खरंच नाही मिळणार का?

उत्तर : ताई, मिळतील. पावती असली तर उत्तमच, पण पावती नाही म्हणून प्रवासाचा खर्च शून्य असं कायदा म्हणत नाही, आणि त्या मुलाचं बोलणं ऐकून हा खर्च सोडून देऊ नका.

आधी हक्क कुठून येतो ते सांगते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६ खाली तुमचा अर्ज आहे आणि कलम १६८ म्हणतं की न्यायाधिकरणानं, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या कोर्टानं, योग्य आणि न्याय्य वाटेल ती भरपाई द्यावी. आता जखमी माणसाच्या बाबतीत न्याय्य म्हणजे काय काय, हे सुप्रीम कोर्टानं राजकुमार विरुद्ध अजय कुमार ह्या निकालात नीट मांडून दिलंय, निकाल ऑक्टोबर २०१० चा. त्या माणसाच्याही पायाची दोन्ही हाडं मोडली होती. त्यात पहिल्याच सदरात उपचार, हॉस्पिटल, औषधं ह्यांच्या जोडीला प्रवास, पौष्टिक आहार आणि किरकोळ खर्च असे शब्द आलेत, म्हणजे प्रवासखर्च हा बिलांच्याच रांगेत बसलेला हक्काचा खर्च आहे, कुणाच्या मेहरबानीचा नाही. नंतरच्या सदरांमध्ये बुडालेली कमाई, कायमच्या अपंगत्वामुळं पुढं कमी होणारी कमाई, पुढचा औषधोपचार, वेदना वगैरे येतं, त्यावर आज जात नाही.

पुरावा किती लागतो? खुनाच्या खटल्यात लागतो तेवढा काटेकोर पुरावा इथं लागत नाही. दोन्ही बाजू पाहून काय जास्त संभवतं एवढंच बघायचं असतं, आणि न्यायाधिकरणाची कार्यपद्धतीही संक्षिप्त असते. पाय प्लास्टरमध्ये असलेला माणूस ५०-६० किलोमीटरवरच्या दवाखान्यात ड्रेसिंगला गेला हे केसपेपरवरून सिद्ध झालं की तो चालत गेला नसणार हे न्यायाधीशांना वेगळं सांगायला लागत नाही. म्हणून तुमचा खरा पुरावा गाडीची पावती नाहीच, तुमचा खरा पुरावा आहे दवाखान्याचा कागद, ज्यावर तारीख आहे.

तर आता असं करा. एक वही घ्या. दवाखान्याचे सगळे केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रेच्या पावत्या, मेडिकलची बिलं, फिजिओचं कार्ड असेल तर ते, सगळं तारखेप्रमाणं लावा आणि प्रत्येक तारखेसमोर लिहा की त्या दिवशी कुठून कुठं गेलात, कशासाठी, कशानं, कोण सोबत होतं आणि किती पैसे गेले. ज्या तारखेला दवाखान्याचा एकही कागद नाही ती फेरी वेगळी काढून ठेवा, ती मागायची का ते शेवटी ठरवू. माझ्या अनुभवात हे काम करायला बसलं की दोन गोष्टी होतात, काही विसरलेल्या फेऱ्या सापडतात आणि तोंडानं सांगितलेल्या काही फेऱ्या गळून पडतात. दोन्ही चांगलंच आहे. उलटतपासात धडक देणाऱ्या गाडीच्या विमा कंपनीचे वकील तारीख विचारणारच, तेव्हा 'साधारण वीस-पंचवीस वेळा गेलो असू' ह्यापेक्षा 'अमुक तारखेला टाके काढायला, अमुक तारखेला एक्स-रेला' असं सांगणारा साक्षीदार वेगळाच दिसतो.

एसटीच्या तिकिटाची काळजी करू नका. ते मशीनचं तिकीट असतं, त्याची शाई उडतेच, म्हणून बाकीच्या वाचकांना सांगते की तिकीट असो, पेट्रोल पंपाची स्लिप असो, त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढा आणि जमलं तर झेरॉक्स. पण एसटीचं भाडं ठरलेलं असतं, डेपोत विचारलं तरी कळतं, त्यामुळं तिकीट नसलं तरी आकड्यावर वाद फारसा होत नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळा. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलंय, तर त्याआधीची एखादी फेरी एसटीनं झाली असेल तर तिला जुना दर लावा. आणि तुम्ही स्वतः बाईमाणूस म्हणून अर्ध्या तिकिटात गेलात, १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत ५० टक्के सवलत आहेच, तर तुमचं अर्धंच तिकीट मागा. पूर्ण तिकीट लावलं आणि समोरच्या वकिलांनी 'बाई, तुम्हाला अर्धं तिकीट लागत नाही का' एवढंच विचारलं तर चाळीस रुपयांसाठी तुमच्या सगळ्या तक्त्यावरचा विश्वास जातो.

हिशोब कसा दिसेल ते तुमच्याच फेऱ्यांवर दाखवते, दर मी धरलेत, तुमचे खरे दर घाला. पूर्ण तिकीट ८० आणि तुमचं ४० धरलं तर दोघांची जाऊन-येऊन एक फेरी २४० रुपये, १६ फेऱ्यांचे ३,८४०. सोलापूरची स्पेशल गाडी एका फेरीला १,८०० धरली तर ६ फेऱ्यांचे १०,८००. पुण्याची गाडी ७,५०० धरली तर तीन फेऱ्यांचे २२,५००. एकूण ३७,१४०. हा आकडा गोल करू नका, ४०,००० लिहू नका, ३७,१४० च लिहा, कारण असा सुटा आकडा हिशोबातून आलेला दिसतो. त्यात स्टँडपासून दवाखान्यापर्यंतची रिक्षा घाला, ती लोक हमखास विसरतात, आणि वडापनं (शेअर जीपनं) गेला असाल तर वडाप म्हणूनच लिहा, लाजायचं कारण नाही, पाय दुखत असताना मिळेल त्या गाडीनं माणूस जातो.

गाडीवाल्यांचं काय? पुण्याच्या ज्या दोन पावत्या आहेत त्यावर गाडी नंबर, तारीख, कुठून कुठं, रक्कम आणि सही आहे का बघा. शक्य असेल तर त्या गाडीवाल्याला साक्षीला आणा, पाच मिनिटांची साक्ष असते. आणणार नसाल तर निदान त्याला पैसे कसे दिले ते शोधा, फोनपे किंवा गुगलपेवर दिले असतील तर बँकेच्या स्टेटमेंटमध्ये त्या तारखेला ती रक्कम दिसेल आणि ते पावतीपेक्षा भक्कम आहे. पण एक अडचण आमच्या भागात नेहमी येते, गावातली गाडी बहुतेक वेळा पांढऱ्या नंबरप्लेटची खाजगी असते, भाड्यानं चालवायचं परमिट नसतं, आणि म्हणून गाडीवाला कोर्टात यायला घाबरतो. तेव्हा उगाच त्याच्याकडून टॅक्सीची पावती बनवून घेऊ नका, 'गावातल्या ओळखीच्या माणसाची गाडी नेली, डिझेल आणि त्याची दिवसाची मजुरी दिली' असं जे घडलं तेच लिहा.

बनवून घेतलेल्या पावत्यांबद्दल थोडं जास्त बोलते कारण त्यानं चांगले दावे बिघडताना मी पाहिलेत. एका दाव्यात अर्जदारानं गाडीच्या अकरा पावत्या जोडल्या, सगळ्या एकाच पेननं, एकाच अक्षरात, एकामागून एक नंबर, आणि त्यातली एक तारीख रविवारची जेव्हा त्या डॉक्टरांची ओपीडी बंद असते. समोरच्या वकिलांनी तेवढाच एक प्रश्न विचारला. प्रवासखर्च तर गेलाच, पण त्यानंतर औषधांच्या खऱ्या बिलांकडेही संशयानं बघितलं गेलं आणि ज्याचा हात खरंच कायमचा अधू झाला होता त्या माणसाला स्वतःच्या खऱ्या खर्चासाठी झगडावं लागलं. त्याला तो सल्ला कोर्टाच्या आवारात कुणीतरी दिला होता. मला आजही वाईट वाटतं.

अजून एक, पूर्ण ३७,१४० मिळतीलच असं मी म्हणत नाही. बऱ्याच निकालांत प्रवास, आहार आणि सोबतचा माणूस हे तिन्ही मिळून एक ठोक रक्कम दिली जाते. पण तक्ता आणि केसपेपर समोर असले तर ती ठोक रक्कम ठरवायला न्यायाधीशांना आधार मिळतो, नाहीतर मग ती अंदाजानं ठरते आणि अंदाज कायम खालीच जातो. निकालाच्या रकमेवर साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून व्याजही मिळतं, ते प्रवासखर्चालाही लागतं. तेव्हा तो तक्ता शपथपत्रासोबत द्या, कागदांना निशाणी, म्हणजे पुरावा म्हणून कोर्टाचा नंबर, पडली का ते वकीलसाहेबांना विचारा. नुसतं फाईलमध्ये असलेला आणि निशाणी न पडलेला कागद बऱ्याचदा निकालात कुणी बघतच नाही.

प्रश्न : आम्ही नाशिकचे. वडिलांना रिक्षानं उडवलं, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन मुंबईला झालं कारण त्यांना हार्टचाही त्रास आहे. दर वेळी माझ्याच कारनं नेलं. घरच्या गाडीचे पैसे मागता येतात का आणि किती?

उत्तर : येतात दादा. घरची गाडी पाण्यावर चालत नाही. फक्त टॅक्सीचा दर लावू नका, खरा खर्च लावा, म्हणजे इंधन, टोल आणि पार्किंग. नाशिक-मुंबई जाऊन-येऊन अंदाजे ३४० किलोमीटर धरा, गाडी लिटरला १७ देत असेल तर २० लिटर, पेट्रोल १०४ रुपये धरलं तर २,०८० रुपये एका फेरीचे. गाडीचा हप्ता, सर्व्हिसिंग, टायर हे त्यात घालू नका, ते अपघात नसता झाला तरी लागलंच असतं.

आणि तुमच्याकडे एक फार चांगला पुरावा आहे ज्याचा तुम्ही विचार केला नसेल, फास्टॅगचं स्टेटमेंट. घोटीच्या आणि पडघ्याच्या टोलनाक्यावर तुमची गाडी कुठल्या तारखेला किती वाजता गेली आणि किती वाजता परत आली हे त्यात छापून येतं. ज्या बँकेचा फास्टॅग आहे तिच्याकडून डाऊनलोड करा आणि हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटच्या तारखा शेजारी लावा, दोन्ही जुळल्या की फेरीबद्दल शंका घ्यायला जागाच उरत नाही. हे मोबाईलवरचं स्टेटमेंट किंवा ओला-उबरची ईमेलवर आलेली बिलं देताना सोबत भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, म्हणजे मोबाईल-कॉम्प्युटरवरून काढलेला कागद खरा आहे असं सांगणारं पान, जोडा. आधी ह्याला कलम ६५-ब म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आहे. न्यायाधिकरणात पुराव्याचे नियम तितके कडक लावत नाहीत हे खरं, पण एका पानासाठी कशाला अडून राहायचं.

मुंबई का, नाशिकला हाडांचे डॉक्टर नाहीत का, हा प्रश्न तुम्हाला येणारच. हार्टच्या डॉक्टरांनी भूल देण्याबद्दल किंवा मोठ्या हॉस्पिटलबद्दल काही लिहून दिलं असेल तर तो कागद आधी शोधा.

प्रश्न : वकीलबाई, आम्ही सावंतवाडीकडचे. भावाच्या डोक्याला मार लागला हायवेवर. इथल्या सरकारी दवाखान्यातून लगेच बांबोळीला पाठवलं. तो तिथं २६ दिवस होता, नंतर तपासणीला सात-आठ वेळा नेलं. विमा कंपनी म्हणते दुसऱ्या राज्यात नेण्याची गरज नव्हती आणि दावा गोव्यात करा. आता काय?

उत्तर : दोन्ही म्हणणी टिकणारी नाहीत. सिंधुदुर्गातला डोक्याचा मार लागलेला पेशंट बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला जातो हे तुमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, तिथून मुंबई किंवा कोल्हापूर किती लांब आणि बांबोळी किती जवळ हे नकाशाच सांगतो. राज्याची हद्द पत्रादेवीला बदलते म्हणून मेंदूतला रक्तस्राव थांबत नाही. तुमच्याकडचा सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे सरकारी दवाखान्याची ती रेफर चिठ्ठी. हरवली असेल तर दवाखान्यात अर्ज करून रेकॉर्डवरची प्रत मागा, बांबोळीच्या केसपेपरवरही कुठून पाठवलं ते लिहिलेलं असतं.

दावा तुम्ही जिथं राहता तिथं करता येतो, कलम १६६ मध्ये तशी सोय आहे, अपघाताची जागा किंवा सामनेवाल्याचा पत्ता हे बाकीचे पर्याय. म्हणजे ओरोसला जिल्हा न्यायालयात चालेल, त्यासाठी पणजीला खेपा घालायची गरज नाही.

प्रवासाचं म्हणाल तर १०८ ची रुग्णवाहिका मोफत असते, तिचे पैसे मागू नका. खाजगी अँब्युलन्स केली असेल तर पावतीवर गाडी नंबर, किलोमीटर आणि ऑक्सिजन लावला होता का ते असावं. २६ दिवस घरातलं माणूस तिथं राहिलं असेल तर त्याचं राहणं-जेवण आणि मधल्या ये-जा ह्याचाही हिशोब द्या, पण सोबत राहिलेल्या एका माणसाचा, वेळ पडली तर दोघांचा. भेटायला आलेल्या नातेवाईकांच्या गाड्या ह्यात येत नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा दुबईला नोकरीला आहे. मला अपघात झाला तेव्हा तो तातडीनं विमानानं आला, तिकिटाचे जाऊन-येऊन ४१ हजार लागले. ते दाव्यात धरावेत का? घरी मी आणि मिस्टर, त्यांचं वय ७६. (ठाणे)

उत्तर : काकू, मुलगा आला ते योग्यच केलं, पण दाव्यात तो नुसता भेटायला आला असं दिसलं तर हे पैसे मिळणं अवघड आहे. आईला बघायची ओढ आणि उपचारासाठी लागणारा खर्च ह्यात कोर्ट फरक करतं. त्यानं येऊन काय केलं हे महत्त्वाचं. तुमच्या मिस्टरांना ह्या वयात तुम्हाला उचलणं, बाथरूमला नेणं जमणारं नव्हतं, ऑपरेशनच्या संमतीपत्रावर मुलाची सही आहे, पंधरा-वीस दिवस रात्री तोच हॉस्पिटलात होता, असं असेल तर सोबतीच्या माणसाचा खर्च म्हणून मांडता येईल. तरीसुद्धा मला वाटतं पूर्ण विमानतिकिटापेक्षा तेवढ्या दिवसांना नर्स किंवा आया ठेवली असती तर जे पैसे लागले असते तेवढे मागणं जास्त पटणारं आहे, घरच्या माणसानं सेवा केली म्हणून ती फुकट ठरत नाही. २०२० मध्ये काजल विरुद्ध जगदीश चंद ह्या निकालात अपघातानं कायमच्या परावलंबी झालेल्या मुलीसाठी, अपघात झाला तेव्हा ती १२ वर्षांची होती, सुप्रीम कोर्टानं दोन सोबतींचा खर्च महिन्याच्या हिशोबानं १८ चा गुणक लावून (म्हणजे वर्षाच्या खर्चाला १८ नं गुणून) २१ लाख ६० हजार धरला. तुमचं प्रकरण तेवढं गंभीर नाही आणि नसावंच, पण सोबतीच्या माणसाकडे कोर्ट किती गांभीर्यानं बघतं ते ह्यावरून कळेल.

मुलाची त्या दिवसांची बिनपगारी रजा झाली असेल तर कंपनीचं पत्र मागवून ठेवा. मिळेलच असं नाही, पण मागायला हरकत नाही.

प्रश्न : माझं हॉस्पिटलचं सगळं बिल मेडिक्लेमनं भरलं. मग आता दाव्यात बिल आणि प्रवास दोन्ही मागितलं तर खोटं बोलल्यासारखं नाही का होणार? (पुणे)

उत्तर : नाही. मेडिक्लेमचे हप्ते तुम्ही भरलेत, त्याचा फायदा धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीला का मिळावा? ह्यावर आधी वेगवेगळी मतं होती, पण २८ मार्च २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं सांगितलं की मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम भरपाईतल्या औषधोपचाराच्या खर्चातून वजा करायची नाही. मेडिक्लेम होता हे लपवू मात्र नका, उघड सांगा. मूळ बिलं मेडिक्लेमच्या कंपनीकडं गेली असतील तर हॉस्पिटलकडून शिक्क्यासह प्रती घ्या. आणि प्रवासखर्च बहुतेक पॉलिसीत अँब्युलन्सच्या ठराविक रकमेपलीकडे मिळतच नाही, त्यामुळं तो तर तुमच्याच खिशातून गेलाय.

प्रश्न : माझा दावा दीड वर्षापूर्वी लोकअदालतीत मिटला. आता डॉक्टर म्हणतात पायातली प्लेट काढायला हवी, म्हणजे परत ऑपरेशन, परत दहा फेऱ्या. हा नवा खर्च परत मागता येईल का? (लातूर जिल्हा)

उत्तर : दादा, नाही येणार, आणि हे सांगताना मला खरंच जड जातंय कारण असं पत्र दर दोन-तीन महिन्यांनी येतं. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपीलही नाही. आणि नेहमीच्या निकालातही भरपाई एकदाच ठरते, नंतर खर्च वाढला म्हणून फाईल परत उघडत नाही. सुप्रीम कोर्टानं नागप्पा विरुद्ध गुरुदयाल सिंग ह्या निकालात म्हणूनच सांगितलं की पुढं लागणारा उपचाराचा खर्च त्याच निकालात धरायला हवा, शिवाय पुराव्यावरून जास्त बसत असेल तर अर्जात मागितल्यापेक्षाही जास्त रक्कम देता येते.

ज्यांचे दावे अजून चालू आहेत त्यांनी हे नीट ऐका. शरीरात रॉड, प्लेट, स्क्रू असेल तर डॉक्टरांना आत्ताच विचारा की हे काढावं लागणार का, कधी, अंदाजे किती खर्च, त्याआधी-नंतर किती वेळा यावं लागेल, आणि ते लेटरहेडवर लिहून घ्या. डॉक्टरांची साक्ष होत असेल तर वकिलांना सांगून हा प्रश्न विचारायला लावा. ऑपरेशनचा खर्च बरेच जण लिहून आणतात पण 'किती वेळा यावं लागेल' हे कुणी विचारत नाही, आणि खेड्यातल्या माणसाला फिजिओथेरपीच्या तीस फेऱ्या ऑपरेशनइतक्याच महाग पडतात. लोकअदालतीत तडजोड करायला माझा विरोध नाही, पैसे लवकर मिळतात, पण हाड पूर्ण जुळलं का हे एक्स-रेवर बघितल्याशिवाय सही करू नका. कंपनीची माणसं आजच्या आज चेक म्हणून घाई करतील, तुम्ही पुढची तारीख मागा.

प्रश्न : धडक देऊन गाडी पळून गेली, नंबर मिळाला नाही. प्रवासाचे पैसे कुणाकडं मागायचे? (बीड)

उत्तर : गाडीच सापडली नाही तर सरकारी योजनेतून ठराविक रक्कम मिळते, गंभीर जखमीला ५०,००० आणि मृत्यू झाला तर वारसांना २ लाख, हे दर १ एप्रिल २०२२ पासूनचे. अर्ज तुमच्या भागातल्या प्रांत किंवा तहसील कार्यालयात चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा, सोबत एफआयआर आणि दवाखान्याचे कागद. त्यात प्रवास वेगळा मिळत नाही, सगळं मिळून तेवढंच. पण पोलिसांकडं तपासाचा पाठपुरावा सोडू नका, रस्त्यावरच्या हॉटेलचा, पेट्रोल पंपाचा सीसीटीव्ही त्यांना लवकर घ्यायला सांगा, ते रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसलं जातं. गाडी सापडली तर नेहमीचा दावा करता येतो.

प्रश्न : अपघाताला पाच महिने झाले, फिजिओ अजून चालू आहे. सगळा उपचार संपून एकूण खर्च कळल्यावर एकदमच दावा टाकावा म्हणतोय. चालेल ना? (सांगली)

उत्तर : नाही चालणार, ह्याच आठवड्यात वकील गाठा. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत अर्ज करायची अट आहे. ह्या अटीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नका. एकूण खर्च कळलेला नसला तरी अर्ज टाकता येतो, आजपर्यंतचा खर्च लिहा, 'उपचार चालू आहेत' असं स्पष्ट लिहा, आणि पुढचे कागद पुराव्याच्या वेळी देता येतात. गरज पडली तर अर्जात दुरुस्तीही मागता येते. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, महिला, मुलं, अपंग, अनुसूचित जाती-जमातीचे लोक ह्यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. जाताना एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, आधार आणि आजपर्यंतच्या फिजिओच्या तारखांचा कागद घेऊन जा. फिजिओवाल्यांकडं कार्ड नसेल तर त्यांच्या रजिस्टरवरून सहीशिक्क्याचं पत्र आजच मागून ठेवा.